राख थंड व्हायच्या आत
(शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



६ डिसेंबर २०१५ ला मी इथंच होतो. मैदानात पुस्तकांचे ढीग, चैत्यभूमीकडं सरकणारी रांग. दुसऱ्या दिवशी कांदिवलीचं दामूनगर पेटलं. सिलिंडरमागून सिलिंडर फुटले. दोन माणसं गेली. शेकडो झोपड्यांचा कोळसा झाला.

आम्ही चादरी घेऊन धावलो. एक म्हातारी राख उकरत होती. म्हटलं, "आजी, भांडी देऊ आम्ही, चला." ती म्हणाली, "भांड्याला आग लागो. रेशनकार्ड हुडकतिया. त्याबिगर मी हितं ऱ्हात व्हते, कोण मानंल?"

चादर माझ्या हातातच राहिली.

म्हातारीला राज्यकारभार आमच्यापेक्षा चांगला कळत होता. मोफत पुनर्वसनासाठी सरकारनं रेघ आखली १ जानेवारी २००० ची. त्याआधीचा कागद दाखवा, नाहीतर फुकट घर विसरा. आगीत घर जळतं. कागद जळला की माणसाचा त्या जागेवरचा इतिहासच जळतो.

हे आपल्याच बेटावर घडतं असं समजू नका. पॅसिफिक महासागरात माउई बेट आहे. तिथलं लाहायना म्हणजे एकेकाळची हवाईच्या राजांची राजधानी. मळेवाल्यांनी डोंगरातलं पाणी उसाकडं वळवलं. १९९९ ला साखर कारखाना बंद केला. मळे ओस पडले, गवत माजलं. ८ ऑगस्ट २०२३ ला वादळी वाऱ्यात आग भडकली. गाव बेचिराख, शंभरावर माणसं मेली. आणि राख गरम असतानाच जमीन घेणाऱ्यांचे फोन सुरू! बंद कारखान्याच्या जमिनीवर कुणाचा डोळा असतो, हे परळ-लालबागवाल्यांना मी काय सांगू? १९८२ च्या संपानंतर चिमण्या गेल्या, टॉवर आले.

पण लाहायनावाले गप्प बसले नाहीत. शेजाऱ्यांनी होड्यांतून सामान आणलं. लोकांनी पाट्या लावल्या, लाहायना विकायचं नाही. कानापालीच्या किनाऱ्यावर, टुरिस्टांच्या हॉटेलांसमोर तंबू ठोकले आणि राहायला घरं मागितली.

तेव्हा भाऊ, मदत म्हणजे नुसती खिचडी नव्हे. खिचडी पहिल्या रात्री द्यायचीच. पण त्याच रात्री गल्लीवार यादी करा. भाडेकरूचं नाव घ्या, बाईचं नाव घ्या. पंचनाम्याला उभे राहा, नक्कल हातात पडेपर्यंत हलू नका. आणि आजच, आग लागायच्या आधी, वस्तीतल्या प्रत्येक घराच्या कागदांच्या झेरॉक्स काढून दुसऱ्या वस्तीत ठेवा. परळच्या वस्तीचे धारावीत, धारावीचे परळला. याला मी संघटना म्हणतो.

आजीचं कार्ड त्या दिवशी सापडलं नाही. संध्याकाळी आम्ही हिशेब लिहिला. किती चादरी आल्या, किती वाटल्या, सगळं चोख. तिच्या गल्लीत कोण कोण राहात होतं, ते मात्र कुणीच लिहिलं नव्हतं.

ती वही आता आपल्याला लिहायची आहे.

जयभीम.