एजंट काका कंपनी बदलतात तेव्हा

हेडफोन लावले का? आजची गोष्ट आमच्या घरातलीच आहे.

मागच्या हिवाळ्यात, कापसाचे पैसे हातात येतात ना, त्या दिवसांत आमच्या अमरावतीच्या घरी विम्याचे काका आले. काका अकोल्याचे. आता अकोला-अमरावती रस्ता मस्त झालाय, 2022 मध्ये तिथे 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम केला होता, त्यामुळे काकांचीही चक्कर वाढली. असो. अकरा वर्षांपासून बाबांची पॉलिसी त्यांच्याकडे. माझ्या बारावीचे पेढेसुद्धा त्यांनी खाल्लेत.

चहा झाला, बॅगेतून नवं ब्रोशर निघालं. "भाऊ, आपण कंपनी बदलली. जुनी पॉलिसी बंद करून टाका, इकडे याच्यापेक्षा भारी देतो." बाबा पेन शोधायला लागले! मी म्हटलं, "काऊन एवढी घाई? ठेवा फॉर्म, उद्या पाहू."

काकांवर चिडण्याआधी त्यांची बाजू ऐका. 1 सप्टेंबर 1956 ला एलआयसी सुरू झाली आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं आयुर्विमा म्हणजे एलआयसीच. एजंट जाणार कुठे? 2000 पासून खासगी कंपन्या आल्या, तेव्हा एजंटांची पळवापळवी सुरू झाली. पण एक अट आहे. साध्या एजंटला आयुर्विम्याची एकच कंपनी धरता येते. सोबत एक जनरल विम्याची आणि एक आरोग्य विम्याची चालते. म्हणजे आयुर्विम्यात नवी कंपनी धरायची तर जुनी सोडावीच लागते. 2016 च्या नियमांत त्याची पद्धत लिहिली होती: नेमणूकपत्र आणि ओळखपत्र परत करायचं, जुन्या कंपनीने 15 दिवसांत काम थांबल्याचं प्रमाणपत्र द्यायचं, आणि नव्या कंपनीने त्यानंतर 90 दिवस गेल्यावरच अर्ज विचारात घ्यायचा. तीन महिने पेट्रोल स्वतःच्या खिशातून, बाप्पा!

वर जुन्या पॉलिसींवरचं दरवर्षीचं नूतनीकरण कमिशन मिळत राहील का, ते किती वर्षं काम केलं आणि करारात काय लिहिलंय यावर ठरतं. नव्या साहेबाने दिलेलं टार्गेट तर डोक्यावर असतंच. आणि पहिल्या वर्षाचं कमिशन पुढच्या वर्षांपेक्षा कितीतरी जास्त असतं. मग टार्गेट भरायला सगळ्यात सोपं गिऱ्हाईक कोण? जे काकांना पेढे देतात ते.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना गाडीवर बसवून कंपनीच्या शाखेत नेलं. आम्ही 24,000 रुपये वर्षाला, 11 वर्षं, म्हणजे 2,64,000 भरले होते. आज पॉलिसी सरेंडर केली तर 1,98,000 च्या आसपास मिळणार होते. पॉलिसी मुदतीपर्यंत चालली तर बोनससकट रक्कम. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "हप्ता जमत नसेल तर पेड-अप करता येते, हप्ते थांबतात आणि विमा कमी रकमेचा राहतो. पण तुम्हाला तर जमतंय ना?" बाबांनी मान हलवली.

पण खरी भानगड पैशांची नव्हती. बाबांना दोन वर्षांपासून शुगर आहे. जुनी पॉलिसी घेतली तेव्हा नव्हती. काकांचा नवा फॉर्म मी रात्री नीट वाचला. मधुमेह आहे का, या रकान्यात काकांनी आधीच "नाही" लिहून ठेवलं होतं.

आता हे ऐका. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाली की माहिती लपवली म्हणून कंपनीला ती नाकारता येत नाही. बाबांच्या जुन्या पॉलिसीची तीन वर्षं केव्हाच झाली. नव्या पॉलिसीत ते घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. त्या तीन वर्षांत काही झालं असतं, तर कंपनीने तो "नाही" दाखवला असता, आणि सही बाबांची असती, काकांची नाही. आणि खरं लिहिलं असतं तर? वय अकरा वर्षांनी वाढलेलं, वर शुगर, म्हणजे हप्ता महाग.

मी काकांना फोन केला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लेका, सगळेच असं भरतात." मी म्हटलं, "काका, माझ्या बापाचं नाही भरायचं."

एजंट गेला तर पॉलिसी मरत नाही. करार कंपनीशी असतो. हप्ता अॅपवर किंवा शाखेत भरा, पत्ता, फोन आणि नॉमिनी तपासा. आरोग्य विम्याचं गणित मात्र वेगळं, तिथे पोर्टिंग आहे. नूतनीकरणाच्या तारखेच्या बऱ्याच आधी अर्ज केला तर जुन्या आजारांसाठी थांबलेली वर्षं नव्या कंपनीत धरली जातात. आयुर्विम्यात अशी सोय नाही. आणि घरात कुणी आधीच सही केली असेल, तर नवी पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस ती परत करायची मुभा असते. सरेंडर केलेली जुनी मात्र सहजासहजी परत येत नाही.

काका आताही येतात. मागच्या आठवड्यात माझ्या गाडीचा विमा त्यांनीच काढला. फॉर्म मात्र मी भरला.

तुमच्या घरी असा फॉर्म पडलेला असेल तर आज रात्री काढा, आरोग्याचे प्रश्न वाचा, आणि काय दिसलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. नावं न घेता आपण पुढच्या भागात बोलू.