राणीचे मत कोणी विचारीत नाही



मधमाश्यांच्या पोळ्यात राणीचे राज्य असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. वसाहत वाढून जागा अपुरी पडू लागली की जुनी राणी हजारो कामकरी माश्यांसह बाहेर पडते आणि हा थवा एखाद्या फांदीला लटकतो. वर छप्पर नाही. पोटात भरून आणला तेवढाच मध. नवे घर चुकीचे निवडले, तर थंड देशांतील हिवाळा साऱ्या कुटुंबाचा घास घेतो. जीवनमरणाच्या या प्रश्नात राणीचे मत मात्र कोणी विचारीत नाही!

मग निर्णय घेते कोण? १९४९ साली म्युनिक येथे मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञास अशा थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने, विटांच्या धुळीने माखलेल्या दिसल्या. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या नगरातील धुराडी आणि भिंतींतील पोकळ्या पाहून त्या परतल्या होत्या. नृत्याची दिशा आणि कालावधी यांतून त्या जागेचा पत्ता सांगत होत्या.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस सीली यांनी हे संशोधन पुढे नेले. थव्यातील काही शेकडा माश्याच घर शोधतात. जागा जितकी उत्तम, तितके नृत्य दीर्घ. परंतु ते पाहणारी माशी ऐकीव माहितीवर विसंबत नाही. स्वतः जाऊन पोकळी तपासते आणि पटली तरच नाचते. दर खेपेस प्रत्येकीचे नृत्य आखूड होत जाते, त्यामुळे हट्ट उरत नाही. दुसऱ्या जागेचा पुरस्कार करणारीस डोक्याने ढुसणी देऊन थांबविण्याचा संकेतही त्या देतात, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. एखाद्या जागी एकाच वेळी सुमारे २०-३० शोधक माश्या जमल्या की निर्णय झाला. त्या परतून सर्वांना उड्डाणासाठी सिद्ध करतात. राणीही थव्यासोबत जाते.

आता आपल्या बैठका आठवा. ज्येष्ठांनी आरंभीच मत मांडले की माना डोलू लागतात आणि त्यालाच आपण एकमत म्हणतो. संस्थेची वास्तू असो वा घरातील विवाहसंबंध, प्रत्यक्ष पाहून आलेले किती जण बोलतात? ज्येष्ठांनी शेवटी बोलावे आणि इतरांनी पाहिल्याविना होकार देऊ नये, एवढा नियम आपण पुढील बैठकीपासून पाळू शकतो.