तळ्यात साठलेलं खत
(गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यवाहांनी मला विषय दिला होता 'पर्यावरण आणि आपण'. हा शाळेतल्या निबंधाचा विषय आहे. शेवटी 'झाडे लावा' असं लिहिलं की दहापैकी सात गुण हमखास. मी तो जरा आखूड केला आहे. आज मी दोनच मूलद्रव्यांबद्दल बोलणार, नत्र आणि स्फुरद. इंग्रजी माध्यमाच्या मंडळींसाठी नायट्रोजन आणि फॉस्फरस. खताच्या पोत्यावर जे तीन आकडे छापलेले असतात, त्यांतले पहिले दोन.

यांच्याशी माझी ओळख १९७३ सालची. त्या वर्षी मी सिंद्रीच्या खत कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. सिंद्री म्हणजे तेव्हाचा बिहार, आताचा झारखंड, धनबादजवळ. कारखाना १९५१ साली सुरू झालेला. मालगाड्यांनी जिप्सम यायचं, आम्ही त्यावर अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडची प्रक्रिया करायचो. एका बाजूने अमोनियम सल्फेट खत निघायचं, दुसऱ्या बाजूने खडू. खडूचा तो गाळ शेजारच्या सिमेंट कारखान्याला जायचा. काही वाया जात नाही, याचा आम्हाला केवढा अभिमान! वसाहतीत पाच-सहा मराठी घरं होती, गणपती असायचा, आणि आरतीनंतर आमच्या गप्पा 'आज किती टन काढलं' याच असायच्या. ते टन पुढे कुठे जातात, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. २००२ साली तो कारखाना बंद झाला आणि मी मुलीकडे इथे बंगळूरला आलो. (आता त्याच गावी २०२२ पासून नवा युरियाचा कारखाना चालू आहे.)

आता थोडं रसायनशास्त्र. कंटाळा आला तर जांभई द्या, मी बघणार नाही.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला त्याचा उपयोग शून्य. नत्राच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे घट्ट धरून असतात की सुटता सुटत नाहीत. ते सोडवणं वीज चमकल्यावर जमतं, किंवा तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना जमतं. माणसाला ते १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत जमवून दाखवलं, आणि १९१३ साली जर्मनीत ओपाऊ इथे कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला. सिंद्रीचा अमोनिया त्याच वंशातला. पण नत्राची एक चांगली गोष्ट आहे. त्याला परतीची वाट आहे. पाण्यातले, मातीतले काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून टाकतात आणि नत्र पुन्हा हवेत सोडून देतात. चक्र पुरं होतं.

स्फुरदाला ही सोय नाही. त्याचं हवेत जाणारं रूप निसर्गात जवळजवळ नाहीच. तो दगडात असतो, दगड झिजला की मातीत येतो, मातीतून पिकात, आणि तिथून निसटला की नदीने समुद्रात. समुद्राच्या तळाचा पुन्हा दगड होऊन वर यायला लाखो-कोटी वर्षं लागतात. तेवढी आपल्या कोणाची रजा शिल्लक नाही. पूर्वी गावात ही वाट माणसं आणि गुरंच पुरी करायची. शेतातलं खाल्लेलं शेण-सोनखत होऊन त्याच शेतात जायचं. आता उदयपूरजवळ झामरकोटड्याला थोडा स्फुरदाचा दगड निघतो, पण बराचसा आपण मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून आणतो. त्यावर आम्ल घालून खत करतो. ते मंड्याच्या भाताला घालतो. तो भात आपण खातो. आणि मग?

मग तो आपल्या संडासातून निघतो आणि तळ्यात जाऊन बसतो.

एक माणूस दिवसाला साधारण दीड ग्रॅम स्फुरद आणि अकरा-बारा ग्रॅम नत्र बाहेर टाकतो. त्यात लाज कसली, अध्यक्षही टाकतात. आमच्या सोसायटीत हजारेक माणसं आहेत. म्हणजे दिवसाला दीड किलो स्फुरद. एवढंसंच ना? पण पाण्यातल्या शेवाळाला नत्र-कर्ब मुबलक मिळालं तर एक ग्रॅम स्फुरदावर शंभर ग्रॅमहून अधिक कोरडं शेवाळ तयार होतं. ते मरून कुजायला सुमारे १४० ग्रॅम प्राणवायू लागतो. एक लिटर पाण्यात प्राणवायू मावतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. गुणाकार करा. आमच्या एका सोसायटीचा एका दिवसाचा स्फुरद अडीच कोटी लिटर पाण्याचा प्राणवायू संपवू शकतो. प्रत्यक्षात सगळाच हिशेब असा पुरा होत नाही, पण दिशा हीच. तळ्यावर जलपर्णीची हिरवी सतरंजी दिसते ना, ते आमचं खतच आहे. फक्त शेत चुकलं.

बेळ्ळंदूरचं तळं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. २०१५ मध्ये त्याचा फेस रस्त्यावर आला आणि पेटलाही. तो फेस डिटर्जंटमधल्या साबणासारख्या द्रव्यांचा. सांडव्यावर पाणी घुसळलं की तो उठतो. तळाशी प्राणवायू नाही, म्हणून तिथले जिवाणू गाळातून मिथेन काढतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग, जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा, तेव्हा तर लष्कराच्या जवानांना यावं लागलं.

२०१७ च्या त्या आगीचा धूर आमच्या बाल्कनीत आला. ही खोकत आत आली, दार लावलं आणि म्हणाली, "अहो, हे तुमच्याच कारखान्यातलं ना?" तिला चेष्टाच करायची होती. मला मात्र हसू आलं नाही, आणि त्याचं कारण आजवर मी या मंडळात कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या सोसायटीला सांडपाणी शुद्ध करायचं स्वतःचं यंत्र आहे. त्या आधीची दोन वर्षं मी खजिनदार होतो. विजेचं बिल फुगलं म्हणून सभेत ओरड झाली. यंत्र चालवणाऱ्या मुलाने सुचवलं, "अंकल, रात का ब्लोअर बंद कर देते हैं." ब्लोअर म्हणजे टाकीत हवा सोडणारा पंखा. रात्री अकरा ते पाच बंद ठेवला तर चांगले पैसे वाचणार होते. मी सही केली. जन्मभर अमोनियात काढलेल्या केमिस्टने!

त्या टाकीत अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. ते फार सावकाश वाढतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. रोज रात्री सहा तास त्यांचा श्वास कोंडला की ते हळूहळू कमी होतात. मग नायट्रेटच होत नाही, आणि नत्राला हवेत परत जायची जी वाट मघाशी सांगितली, तीच बंद होते. आमचं जास्तीचं पाणी राजकालुव्यात, म्हणजे इथल्या मोठ्या नाल्यात, आणि तिथून तळ्यात जायचं. सगळे बिल कमी झालं म्हणून खूश होते. माझा सत्कारही झाला, शाल-श्रीफळ.

धुराच्या दुसऱ्या दिवशी मी नातवाच्या माशांच्या टाकीसोबत आलेली अमोनिया तपासायची बाटली घेतली आणि सोसायटीचं 'शुद्ध' पाणी एका नळीत भरलं. रंग पिवळा राहायला हवा होता. दोन-चार मिनिटांत गर्द हिरवा झाला. नातू म्हणाला, "आजोबा, यात मासा सोडला तर मरेल."

पुढच्या सभेत मी उभा राहून सांगितलं, चूक माझी, ब्लोअर रात्री चालू करा. बरीच बोलणी खाल्ली. ठराव तीन मतांनी मंजूर झाला. पाणी सुधारायला पुढे आठवडे लागले, कारण जिवाणू ठरावाने वाढत नाहीत.

आता विसर्जनाकडे येतो, कारण त्यावरून आपल्या मंडळात दरवर्षी दोन तट पडतात. दहा दिवसांचं आपलं निर्माल्य धरा शंभर किलो. त्यात बहुतेक पाणीच. स्फुरद फार तर पन्नास-साठ ग्रॅम. आमची सोसायटी तेवढा तासाभरात सोडते. तेव्हा तळं गणपतीने घाण केलं असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या संडासाचा हिशेब द्यावा, हे माझं मत. पण म्हणून निर्माल्य तळ्यात टाकावं असं नाही. ते कुजायलाही प्राणवायू लागतोच, आणि तिथे तो उरलेला नाही.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची गोष्ट वेगळी. ती मूर्ती म्हणजे जिप्सम, म्हणजे माझा सिंद्रीचा कच्चा माल. ते पाण्यात फार सावकाश विरघळतं, आणि त्यातल्या सल्फेटपासून प्राणवायू नसलेल्या गाळात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय काढला. बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती ठेवायची, अधूनमधून ढवळायचं. खाली खडू बसतो, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. ही तर सिंद्रीच, बादलीतली!

एक सूचना मात्र. दोन किलोच्या मूर्तीमागे दीड किलोच्या आसपास अमोनियम सल्फेट होतं. त्यात सव्वातीनशे ग्रॅम नत्र, म्हणजे एका माणसाचा जवळजवळ महिनाभराचा. ते पाणी मोरीत ओतलंत तर तळ्याचं तुम्ही भलं केलं नाहीत, उलट भर घातलीत. भरपूर पाणी मिसळून झाडांना घाला, थोडं थोडं. कुलकर्णी वहिनींनी गेल्या वर्षी एकदम ओतलं आणि मोगरा गेला. त्या इथेच बसल्या आहेत, माफ करा वहिनी. शाडूची मूर्ती आणलीत तर ही खटपटच नको. ती विरघळली की माती कुंडीत.

आणि एक बातमी, जी मला फार आवडते. २०१८ पासून बंगळूरच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं शुद्ध केलेलं सांडपाणी नळांतून कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडतात. त्या पाण्याच्या दर्जावरून वाद झाले, न्यायालयापर्यंत गेले, आणि तपासणी कडक हवीच. पण नकाशा डोळ्यांपुढे आणा. जो स्फुरद भाजीतून शहरात आला, त्यातला काही पुन्हा भाजीच्या मुलखाकडे निघाला आहे. सिंद्रीत आम्ही ज्या 'पुढे कुठे' या प्रश्नाचा विचार केला नव्हता, त्याचं हे निदान अर्धं उत्तर आहे.

यंदा मंडपामागे दोन पिंप ठेवले आहेत. निळ्यात निर्माल्य, दोरा आणि प्लॅस्टिक काढून. लाल पिंप प्लॅस्टिकसाठी. खत झालं की पौष महिन्यात वाटप आहे, येताना पिशवी आणा. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. ब्लोअरचं बिल किती येतं हे सोडून.