आधीं मुक्काम, मग मार्ग

परदेशांतील मोटारप्रवासाचा बेत ठरूं लागला म्हणजे घरांत प्रथम नकाशा उलगडला जातो, प्रेक्षणीय स्थळांभोवतीं खुणा होतात आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंतचे मैल मोजले जातात. रात्रीं उतरावें कोठें, हा प्रश्न अगदीं शेवटीं निघतो. मुक्काम हॉटेलांत असेल तर ही रीत खपून जाते. परंतु सामानांत तंबू असेल आणि मार्ग स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचा असेल, तर ती उलटी करावी लागते. तेथें आधीं मुक्काम ठरवावा, आणि मग त्याला साजेसा मार्ग.

हा मार्ग इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापाशीं सुरू होऊन तेथेंच संपतो. पश्चिमेला ॲपलक्रॉस, तेथून वर अलापूल व डर्नेस, मग उत्तर किनाऱ्यानें जॉन ओ ग्रोट्स आणि पूर्वेच्या बाजूनें परत, असें हें वर्तुळ सुमारें ५१६ मैलांचें आहे. रस्ते जुनेच, त्यांना एकत्र गुंफून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हें नांव २०१५ सालीं देण्यांत आलें, आणि तेव्हांपासून तेथील वर्दळ वाढली. भारतीय प्रवाशाला येथें दोन सोयी आहेत. वाहनें भारताप्रमाणेंच डाव्या बाजूनें चालतात. आणि पाहुणा म्हणून आलेल्याला स्वदेशच्या वैध परवान्यावर ब्रिटनमध्यें १२ महिन्यांपर्यंत लहान मोटार चालवितां येते.

५१६ मैल हा आंकडा पाहून तीन-चार दिवसांचा हिशेब मांडण्याचा मोह होतो. तो फसवा आहे. वायव्य किनाऱ्यावरील पुष्कळसा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे. समोरासमोर आलेल्या गाड्यांना एकमेकींस वाट देतां यावी म्हणून तो मधूनमधून थोडा रुंद केलेला असतो, आणि अशा जागीं ‘पासिंग प्लेस’ अशी पाटी असते. जागा डावीकडे असेल तर तींत शिरावें, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबावें. मागून कोणी घाईनें येत असेल तर त्यालाहि तेथेंच पुढें जाऊं द्यावें. ॲपलक्रॉसकडे नेणारी ‘ब्यालख ना बा’, म्हणजे गेलिक भाषेंत गुरांची खिंड, समुद्रसपाटीजवळून २,०५३ फुटांपर्यंत चढते. वळणें इतकीं अरुंद कीं, अवजड वाहनांनीं व नवशिक्यांनीं पुढें जाऊं नये अशी सूचना पायथ्याशींच लाविलेली आहे. त्यांच्यासाठीं शील्डेगकडून किनाऱ्यानें जाणारा दुसरा रस्ता आहे. दिवसाला ५० ते ६० मैल धरले आणि एक-दोन दिवस पावसासाठीं मोकळे ठेविले, कीं ही फेरी दहा-अकरा दिवसांची होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. २००३ च्या भूसुधारणा कायद्यानें स्कॉटलंडमध्यें बहुतेक मोकळ्या जमिनीवर, ती खाजगी असली तरीहि, पायीं हिंडण्याचा व लहान तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. मात्र हा हक्क जबाबदारीनें वागणाऱ्या माणसाचा आहे; त्याच्या मोटारीचा नाहीं. गाडींत झोंपूं इच्छिणाऱ्याला या कायद्याचा आधार मिळत नाहीं. तंबूवाल्यांनींहि थोडक्या मंडळींनिशीं यावें, एका जागीं दोन-तीन रात्रींहून अधिक राहूं नये, आणि घरें, रस्ते, पिकाचीं शेतें व गुरांचीं कुरणें यांपासून दूर असावें, अशी तेथील आचारसंहिता आहे.

मुक्काम न ठरविल्यानें काय होतें तें आतां पाहावें. संध्याकाळ झालेली असते, मुलें कंटाळलेलीं असतात, आणि समोर समुद्र दिसेल अशी रस्त्यालगतची ती रुंद जागा दृष्टीस पडते. ‘एका रात्रीचा तर प्रश्न!’ असें म्हणून गाडी तेथेंच उभी केली जाते. प्रवाशाला ती पडीक जागा वाटते; गांवाचा मात्र तो श्वास आहे. पलीकडच्या वस्तीला पुष्कळदां त्या एका रस्त्यावांचून दुसरा रस्ताच नसतो. रुग्णवाहिका त्यावरूनच येते, आगीचा बंबहि त्यावरूनच, आणि सकाळीं शाळेची बसहि. अडलेल्या गाड्या मागें सरकविण्यांत गेलेलीं चार मिनिटें एखाद्याच्या जिवावर बेतूं शकतात. म्हणून ॲपलक्रॉस, अलापूल, स्कौरी, डर्नेस, डनेट अशीं मुक्कामाचीं गांवें आधीं निवडावीं; तेथें पाणी व शौचकूप असलेले तंबूतळ आहेत. जुलै-ऑगस्टमध्यें जागा आगाऊ राखून ठेवावी.

ऋतूचाहि विचार हवा. जूनच्या अखेरीस तेथें सूर्य रात्रीं दहानंतर मावळतो, त्यामुळें उजेडाची चिंता नसते. पण उन्हाळाभर ‘मिज’ नांवाचीं अतिसूक्ष्म चावरीं चिलटें ढगाळ, निवांत संध्याकाळीं थव्यांनीं येतात. वाऱ्यापुढें तीं टिकत नाहींत. तेव्हां अगदीं आडोशाची जागा न धरतां थोडा वारा लागेल अशी धरावी. मेच्या मध्यांत हा त्रास कमी असतो, मात्र तेव्हां मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या असतात व कोंकरें रस्त्यावर येतात. पेट्रोल अर्धें उरलें कीं पुढच्या पंपावर भरून घ्यावें, कारण दोन पंपांमधलें अंतर मोठें असूं शकतें.

हा प्रदेश मोकळा दिसतो, तो मुळचाच निर्जन म्हणून नव्हे. उत्तरेकडील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांतून १८१४ व १८१९ सालीं जमीनदारीनें मेंढ्यांच्या कुरणांसाठीं कुळांना हुसकून लाविलें आणि त्यांचीं घरें जाळलीं. पुष्कळांना किनाऱ्यावरच्या निकृष्ट जमिनींत संसार मांडावे लागले. बेटीहिल गांवच्या संग्रहालयांत ही हकीकत पाहावयास मिळते. त्या किनाऱ्यावर अजूनहि लहान शेतकऱ्यांची वस्ती आहे. वाळूवरील पातळ हिरवळ चाकाखालीं फाटली कीं वारा वाळू उडवून नेतो; पीटच्या जमिनीवर पेटविलेली शेकोटी वरून विझली तरी आंतून धुमसत राहते. म्हणून चाक रस्त्यावर ठेवावें आणि स्वयंपाक लहान स्टोव्हवर करावा.

प्रवास कसा झाला, हें पाहिलेल्या स्थळांच्या यादीवरून ठरूं नये. सकाळीं तंबू काढल्यावर मागें दबलेल्या गवताखेरीज कांहीं उरलें नसेल, आणि रात्रभर गांवाचा रस्ता मोकळा राहिला असेल, तर बेत नीट केला होता असें खुशाल समजावें. दुपारपर्यंत तें गवतहि पुन्हां उभें राहतें.