बिऱ्हाड हलते तेव्हा लहान मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, उल्हासनगर कॅम्प ५ येथे केलेले भाषण)



आपण राहतो त्या नगराचा जन्मच मुळी घर सुटण्यातून झाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बराकी उभ्या राहिल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांस त्यांत आसरा मिळाला. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले.

मे २०२१ मध्ये याच नगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. इमारत धोकादायक ठरल्याची नोटीस हाती पडली, की घर सोडणे हाच शहाणपणा, हे त्या आपत्तीने शिकविले. कोणी अंबरनाथास जागा पाहतो, कोणी बदलापुरास. अशा वेळी डिपॉझिट, टेम्पोचे भाडे, कपाट जिन्यावरून चढेल की नाही, या साऱ्यांचा खल होतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचा विचार मात्र सर्वांच्या शेवटी येतो. त्याच्याविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

बांधाबांध सुरू झाली, की ‘मूल पायांत येते’ म्हणून त्यास आजोळी धाडण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हेतू मायेचाच असतो. परंतु त्याच्या बाजूने पाहा. ते खेळत गेले तेव्हा घर जागेवर होते; परतले तेव्हा दार निराळे, खिडकी निराळी, शेजारचा सवंगडी नाहीसा झालेला. जे घर आपल्या पाठीमागे नाहीसे होऊ शकते, तसे आईबापही एखाद्या दिवशी होतील, ही शंका त्या इवल्या मनात शिरते. मग अंथरूण ओले होते, भरविल्यावाचून घास उतरत नाही, आई क्षणभर दृष्टीआड झाली की आकांत मांडला जातो. आपण त्यास हट्ट म्हणतो; वास्तविक ती भीती असते.

महायुद्धाच्या काळात लंडन येथे ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या विदुषींनी लहान मुलांसाठी संगोपनगृहे चालविली. आईच्या कुशीत असलेले मूल बॉम्बच्या धडाक्यानेही तितके खचत नाही, जितके सुरक्षित स्थळी परंतु आईवेगळे राहून खचते, असे त्यांस आढळले. ज्या बराकींतून आपले नगर वाढले, त्या बराकीही त्याच युद्धकाळातल्या. आणि हा धडा आपणांस आजही तितकाच उपयोगी आहे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की बिऱ्हाड हलताना मूल जवळ असू द्या. आठवडाभर आधी त्यास सरळ शब्दांत सांगा. ‘फिरायला जाऊ’ अशी थाप मारू नका. जमल्यास नवी जागा आधी दाखवा. त्याचे गाठोडे त्यालाच बांधू द्या. निघताना शेजारच्या सिंधी काकूंना, जिन्याला, नळालाही ‘येतो’ म्हणू द्या. नव्या घरी कपाटाआधी त्याचे अंथरूण लागावे. जुनी गोधडी लगेच धुऊ नये. तिच्या वासात त्याचे जुने घर असते. जेवण, आंघोळ, गोष्ट आणि झोप या वेळा शक्यतो होत्या तशाच ठेवाव्यात. दूध उतू घालताना त्यास पुढे घ्यावे, म्हणजे हे घर आपलेही आहे असे त्यास वाटेल. पुढे महिनाभर ते रडले, तर ‘आता तू मोठा झालास’ असे म्हणून गप्प करू नये. एखाद्या रविवारी जुन्या गल्लीत न्यावे; इमारत पाडली गेली असल्यास तेही खरे सांगावे.

एका रात्रीत घर रिकामे करण्याची वेळ आली, तर एवढी तयारी कोठून होणार? तेव्हा दोन गोष्टी पुरेत: आईबापांपैकी एकाचा हात आणि ती गोधडी.

मंडळासही एक विनंती आहे. सभासदाचा बदललेला पत्ता नोंदविताना घरातील लहान मुलांची वयेही विचारावीत, आणि त्या भागातील ज्ञातिकुटुंबास कळवावे. पहिल्याच आठवड्यात समवयस्क मूल चेंडू घेऊन दारात आले, तर मोठ्यांच्या दहा उपदेशांहून त्याचा उपयोग अधिक होईल. ज्ञातिसंस्था शिष्यवृत्त्या देतात, वधूवरांच्या याद्या करतात; हे काम त्याहून कमी मोलाचे नाही, आणि त्यास पैसाही लागत नाही.