पडद्यावरचं विमान ओळखताना

१९७० साली ‘डार्लिंग लिली’ हा पहिल्या महायुद्धाच्या काळातला चित्रपट आला. त्यातली काही दुपंखी विमानं ब्रिटिशांच्या एस.ई.५ए या लढाऊ विमानासारखी दिसतात, पण ती खरी नव्हेत. इंग्लंडच्या स्लिंग्जबी कंपनीनं १९६७ मध्ये चित्रपटासाठी अशी सहा विमानं बांधली. त्यांचा मूळ आराखडा होता ‘करी वॉट’चा, म्हणजे लाकूड आणि कापडाच्या एका छोट्या विमानाचा. १९३७ मधलं हे विमान पुढे हौशी लोकांनी नकाशे घेऊन घरच्या घरी बांधलं.

मग ही नक्कल ओळखायची कशी? आधी वैमानिकाकडे पाहा. खऱ्या एस.ई.५ए विमानाच्या पंखांचा पसारा आठ मीटरहून थोडा जास्त. वॉटचा सात मीटरही नाही. त्यामुळे चालकाचं डोकं विमानाच्या मानानं मोठं दिसतं. नंतर इंजिन. खऱ्या विमानात पाण्यानं थंड होणारं आठ सिलिंडरचं इंजिन आणि पुढे चौकोनी रेडिएटर. नकलेत हवेनं थंड होणारं लायकमिंग, म्हणून तिथला रेडिएटर केवळ देखावा. रंग आणि खुणांवर मात्र विसंबू नका. त्या एका रात्रीत बदलता येतात. मापं बदलत नाहीत.