फरारबाई

मंडळी, पाट्या जरा बाजूला ठेवा. आज धडा नाही. आज आपण एका शिक्षिकेची गोष्ट ऐकू.

आपल्या वर्गातून माणसे गळतात, हे आम्ही नेहमी पाहतो. बाराखडी होते. पुढे जोडाक्षरे आली, की एकेक जण येईनासा होतो. घरी जाऊन विचारले तर उत्तर ठरलेले. "गुरुजी, या वयात अक्षर डोक्यात शिरत नाही. आणि शिरलं तरी आमच्यासारख्याला त्याचा उपयोग काय?" ही गोष्ट मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. जे आज आले नाहीत, त्यांना तुम्ही घरी जाऊन सांगा.

या शिक्षिकेचे नाव सिंथिया फरार. जन्म १७९५ सालचा. गाव अमेरिकेतले, न्यू हॅम्पशायर नावाच्या राज्यातले मार्लबरो. बाई चर्चच्या सभासद. तिकडे शाळेत मुलांना शिकवत. देवाची भक्ती आणि मुलांचे शिकवणे, ही दोन कामे त्यांच्या लेखी निराळी नव्हतीच.

त्या चर्चमधल्या लोकांचे मिशन १८१३ पासून मुंबईत होते. १८२४ मध्ये या अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. शाळा वाढू लागल्या, पण त्या चालवायला बाई हवी होती. पाद्र्यांच्या बायकांच्या मागे घर, मुले आणि दुखणी होती. तेव्हा फरारबाईंची निवड झाली. लग्न न झालेल्या बाईला एवढ्या दूर पाठवण्याची त्या काळी रीत नव्हती. तरी जून १८२७ मध्ये त्या बोस्टनहून जहाजात बसल्या. मुंबईला पोचल्या तेव्हा डिसेंबर संपत आला होता. आगबोटीचा तो काळ नव्हता. शिडाचे जहाज वाऱ्यावर चालायचे.

आता नीट ऐका. तेव्हा बाईंचे वय होते बत्तीस. मराठी त्यांची भाषा नव्हती. शाळेत शिकवायचे तर आधी मराठी यायला हवी. म्हणजे तुम्ही आज जे करता, तेच त्यांनी केलं. मोठ्या वयात अ, आ, इ, ई पासून सुरुवात! आपल्या तोंडात निदान मराठी बोली तरी आहे. त्यांना तीही नव्हती.

काम सोपे नव्हते. मुलीची जात शिकली तर घराचे वाटोळे होते, शिकलेल्या बाईला वैधव्य येते, असे लोक मानत. मुलगी जरा मोठी झाली, की तिचे लग्न लागे आणि शाळा सुटे. लोकांना आणखी एक धाक होता. ही परकी बाई आपल्या मुली बाटवील! मिशनचा हेतू ख्रिस्ती धर्म सांगण्याचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्या शाळांत मिळालेले अक्षर एका धर्मापुरते राहिले नाही. ते कसे, ते पुढे कळेल.

मुंबईत दहा वर्षे झाल्यावर बाईंची प्रकृती ढासळली. १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या, तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या. या वेळी काम मिळाले अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला.

बाई पहिल्यांदा मुंबईला आल्या, त्याच १८२७ साली एक मुलगा जन्मला होता. तो म्हणजे जोतीराव फुले. मोठेपणी जोतीराव नगरला गेले असता त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तिथली शिकवण्याची तऱ्हा त्यांना फार आवडली. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. मग १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. तिथे शिकवायला उभ्या राहिल्या सावित्रीबाई. त्यांनीही शिकवण्याचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

फुल्यांच्या शाळेत मुक्ता नावाची मांग समाजातली मुलगी शिकली. १८५५ मध्ये तिने महारमांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. हे पत्र त्याच अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये नगरला सुरू केलेले. बघा, अक्षर कसे हातोहात गेले! आणि त्याच १८५५ साली जोतीरावांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. आपला हा कंदिलाचा वर्ग त्याच वाटेवरचा म्हणायचा.

२५ जानेवारी १८६२ रोजी फरारबाई नगरलाच वारल्या. पहिल्यांदा मुंबईला उतरल्या, त्याला चौतीस वर्षे झाली होती. त्यांनी इमारती बांधल्या नाहीत, की मोठे ग्रंथ लिहिले नाहीत. रोज सकाळी उठून मुलींना अक्षरे शिकवली, एवढेच. "आमच्यासारख्याला उपयोग काय?" असे विचारणाऱ्यांना आम्ही म्हणतो, उपयोग लगेच दिसत नाही. तो कधी आपल्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो आणि तिथे दिसतो.

फरार म्हणजे पळालेला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नाव फरार, पण बाई कामावरून पळाल्या नाहीत. आपल्या वर्गातून मात्र कितीतरी फरार झाले आहेत!

आता पाट्या घ्या. लिहा: फ, र ला काना रा, र. झाले नाव. यात एकही जोडाक्षर नाही. हे तुम्हाला आजच लिहिता येते. पण सावित्री लिहायचे तर 'त्र' हवा. मुक्ता लिहायचे तर 'क्त' हवा. ती अक्षरे उद्याच्या धड्यात आहेत. उद्या या, आणि जे गळाले आहेत, त्यांतल्या एकाला तरी हाताला धरून आणा.